उलटा ‘के’ आणि आमचं डगआउट

डगआउट म्हणजे खोदून केलेली जागा. बेसबॉलच्या मोठ्या मैदानांवर खेळाडूंचे बाक जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खाली असतात, म्हणजे मागच्या प्रेक्षकांना खेळ नीट दिसतो. आमच्याकडे खोदकाम नाही. पोरांच्या संघाचे सर सकाळी लवकर येऊन फक्कीनं एक चौकट मारतात, चार बांबू रोवतात आणि वर दोन जुन्या सोलापुरी चादरी ताणून बांधतात. आत दोन बाक, पाण्याचा जार, आणि बॅटी उभ्या करायला माझ्या जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड. त्याला आडवी पट्टी वेल्ड करून घेतली आहे. हेच आमचं डगआउट. त्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर स्कोअरची वही घेऊन मी बसते.

मी स्वतः बेसबॉल कधी खेळले नाही. मी शाळांचे गणवेश शिवते. तीन वर्षांपूर्वी पोरांच्या जर्सीवर नंबर शिवायचं काम माझ्याकडं आलं. सरांनी माझी मापांची वही बघितली आणि म्हणाले, “ताई, अक्षर चांगलंय तुमचं. स्कोअर लिहाल का?” माझा लेक चौदा वर्षांखालच्या संघात होताच, म्हटलं शिकते. पिचर (बॉल टाकणारा) एक, कॅचर (बॅटरच्या मागं बसून झेलणारा) दोन, पहिला बेस तीन, असे नऊ जागांचे नऊ आकडे पाठ केले. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे मारण्याजोगे तीन बॉल (स्ट्राइक) चुकवून किंवा सोडून बॅटर बाद झाला, की ‘के’ लिहायचा. बॅट न फिरवता, नुसतं बघत उभं राहून तिसरा स्ट्राइक गेला तर तोच ‘के’ उलटा लिहायचा. बॉल पहिल्यांदा हातात आला तेव्हा आधी मी शिलाईच मोजली. १०८ दुहेरी टाके, लाल दोऱ्याचे, हातानं घातलेले. जपमाळेचे मणीही तेवढेच असतात.

बाकीचे पालक दोरीच्या पलीकडं उभे असतात. त्यांना मैदान दिसतं. मला बाक दिसतो. आणि तीन वर्षं बघून मला एवढं कळलंय की या खेळात पोरं अर्धा सामना बाकावरच असतात. क्रिकेटमध्ये आउट झालेलं पोरगं पॅड सोडतं आणि सावली बघून बसतं, त्याच्या बॅटिंगचं काम संपलं. बेसबॉलमध्ये तसं होत नाही. तीन आउट झाले की सगळे फिल्डिंगला, तिकडचे तीन आउट झाले की परत सगळे बाकावर, आणि नऊ जणांचा क्रम फिरत फिरत त्याच पोरावर पुन्हा येतो. आपल्या कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर ओळीनं बसतो, पण त्याचा जीव मैदानात असतो, कारण एक गडी टिपला की त्याला परत आत जायचं असतं. बेसबॉलचा बाक थोडासा तसा आहे.

गेल्या ऑक्टोबरमधला सामना. सोलापूरचा ऑक्टोबर कसा असतो ते वेगळं सांगायला नको. चादरीखालीसुद्धा बाकाची फळी तापली होती. पाचवा डाव चालू होता आणि आम्ही दोन रनांनी मागं होतो. एक आउट झालेला, बेसवर कुणी नाही, आणि माझा लेक बॅटिंगला. दोन स्ट्राइक झाले होते. तिसरा बॉल बाहेरच्या बाजूनं, गुडघ्याच्या उंचीवर आला. त्यानं सोडला. पंचांनी स्ट्राइक दिला.

पण तो बॉल कॅचरच्या ग्लोव्हमधून निसटून मागं घरंगळला. आम्ही खेळतो त्या नियमांत पहिला बेस रिकामा असेल आणि कॅचरनं तिसरा स्ट्राइक झेलला नसेल, तर बॅटर पहिल्या बेसकडं पळू शकतो. त्याला टॅग करावं, म्हणजे हातातला बॉल त्याच्या अंगाला लावावा लागतो, नाहीतर बॉल त्याच्याआधी बेसवर पोचवावा लागतो. अख्खा बाक उभा राहिला. “पळ बे, पळ!” “परुगेत्तु!” “ओडो ओडो!” आमच्या बाकावर तिन्ही भाषा एका दमात निघतात. पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू बोलतात, दोघं-तिघं कन्नड, आणि सगळ्यांना सगळं समजतं. तिन्ही भाषांत एकच गोष्ट सांगत होते सगळे.

माझ्या लेकाला काही ऐकू गेलं नाही. तो पंचांकडं वळून, दोन्ही हात पसरून उभा होता. “काय सर, बाहेर होता की!” तिकडं कॅचर बॉल शोधत होता. सापडला, हातातून परत सुटला, परत उचलला आणि मग पहिल्या बेसवर फेकला. एवढ्या वेळात पोरगं आरामात पोचलं असतं. मी वहीत माझ्या मुलाच्या नावापुढं उलटा ‘के’ लिहिला आणि त्याच्याखाली २-३, म्हणजे कॅचरकडून पहिल्या बेसवर.

तो परत आला आणि त्यानं हेल्मेट भिरकावलं. चौकटीच्या बाजूला क्रिकेटवाल्यांचा लोखंडी रोलर उभा असतो, त्यावर ते आदळलं. कानापासून वरपर्यंत तडा गेला. आमच्याकडं सगळी मिळून सहा हेल्मेटं, तीही वर्गणी काढून घेतलेली.

आणि मग मी चुकले. मी खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले, “बाहेरच होता तो! दिसत नाही का त्यांना?” आईच्या तोंडून निघून गेलं. पण मी तिथं आई म्हणून बसले नव्हते. स्कोअर लिहिणाऱ्या काकूच म्हणतायत म्हटल्यावर पोरांना मोकळं रान मिळालं. एक जण ओरडला, “ओ पंच, चष्मा लावा!” दुसरा बॅटनं स्टँड वाजवायला लागला. पंच चालत आले आणि सरांना समज देऊन गेले. टाकलेला चेंडू ‘बॉल’ (मारण्याजोगा नसलेला) की ‘स्ट्राइक’ हा पंचांचा निर्णय असतो, त्यावर बाकावरून वाद घालायचा नसतो, हे सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

सर माझ्याजवळ आले. आवाज अजिबात चढवला नाही. “ताई, वही द्या माझ्याकडं. दोरीच्या पलीकडं जाऊन पाणी पिऊन या. परत याल तेव्हा स्कोअरर म्हणून या.”

मी गेले. तिथून मला बाक समोरून दिसला, एरवी तो कडेनं दिसतो. पुढचा बॅटर घाईघाईनं निघाला होता. त्याच्या मापाचं हेल्मेट तडकलेलं, म्हणून डोक्यावर सैल हेल्मेट, एका हातानं सावरत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पंच बाहेरचा, गुडघ्याजवळचा बॉल स्ट्राइक देतायत, ही गोष्ट त्या क्षणी मैदानात फक्त एका पोराला पक्की माहीत होती आणि ते पोरगं डोक्यावर टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसलं होतं. पुढच्या पोराला तसाच बॉल आला. त्यानंही सोडला. उलटा ‘के’. वही सरांकडं होती, पण ती खूण मला लांबूनही कळली.

तेवढ्यात आणखी एक दिसलं. संघातला सगळ्यात बारका पोरगा, विडी घरकुलातून सायकलवर येतो, त्याला अजून एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं. त्यानं ते तडकलेलं हेल्मेट उचललं, चुकून कुणी घालू नये म्हणून स्टँडच्या मागं उलटं ठेवलं. मग कॅचरचं सामान मांडलं. छातीचं गार्ड उताणं, पट्टे मोकळे करून, दोन शिन गार्ड डावं-उजवं बरोबर लावून. आमचा कॅचर तेव्हा बॅट घेऊन आपल्या पाळीसाठी उभा होता आणि तिसरा आउट झाल्यावर त्याला धावत येऊन सगळं अंगावर चढवायचं होतं. तो आला तसं या पोरानं गुडघ्यावर बसून त्याचा डावा पाय बांधला, कॅचरनं उजवा. पंचांना थांबावं लागलं नाही. त्याला हे कर म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.

लेकाला सरांनी चारचौघांत रागावलं नाही. पुढच्या दोन डावांत त्याला एकच काम दिलं, “बॅटी आणायच्या.” बॅटर पळाला की बॅट होम प्लेटजवळ, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथंच, पडते. खेळ थांबला की जाऊन ती उचलायची, पुसून स्टँडला लावायची. डोळे पुसत पुसत त्यानं ते केलं.

रात्री जेवताना तो म्हणाला, “आई, तू पण ओरडलीस की.” मी म्हटलं, “हो. चुकलंच माझं.” पुढच्या सरावाला पोरांसमोरही मी तेच सांगितलं. हेल्मेटचे पैसे आम्ही दिले, त्यासाठी मी दोन रविवार जास्तीचं काम घेतलं.

त्यानंतर सरांनी पोरांना गोल बसवलं आणि डगआउटमध्ये कसं वागायचं ते पोरांकडूनच काढून घेतलं. काही गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या आहेत, तिथं चर्चा नाही. चौकटीच्या आत बॅट फिरवायची नाही. ज्याची पुढची पाळी आहे त्यानंच बाहेर, ठरलेल्या जागी, हेल्मेट घालून फिरवायची. खेळ चालू असताना मैदानाकडं पाठ करून बसायचं नाही, कारण फाउल बॉल कुठूनही येतो आणि आमच्यापुढं जाळी नाही. बॉल बाकाकडं येताना ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं “डोकं!” म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी हातांनी डोकं झाकून वाकायचं.

पहिल्या आणि तिसऱ्या बेसजवळ उभं राहून रनरला सांगणाऱ्या पोरानंही हेल्मेट घालायचं. यावर एकानं विचारलं, “तो तर खेळत नाही, त्याला कशाला?” सरांनी माइक कूलबॉ यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत २००७ साली एका मायनर लीग (खालच्या पातळीच्या व्यावसायिक) सामन्यात ते पहिल्या बेसजवळ कोच म्हणून उभे होते, वेगानं आलेला फटका त्यांना मानेजवळ लागला आणि ते गेले. पुढच्या वर्षीपासून मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. विचारणारं पोरगं गप्प झालं. आता तो सगळ्यात आधी हेल्मेट घालतो.

लहान भावंडांना चौकटीत घ्यायचं नाही, हेही ठरलं. हे पाळणं आम्हा आयांनाच जड जातं, कारण बरोबर आलेल्या धाकट्याला उन्हात ठेवायचं कुठं? पण २००२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, सॅन फ्रान्सिस्कोचे मॅनेजर डस्टी बेकर यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा डॅरेन बॅट उचलायला होम प्लेटवर गेला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून रनर येत होते. पहिल्या रनरनं, जे. टी. स्नो यांनी, पळता पळता पोराच्या जॅकेटला धरून त्याला उचललं आणि बाजूला नेलं म्हणून वाचला. मग मेजर लीगनं बॅटबॉयचं वय किमान १४ केलं. तोच डॅरेन पुढं मोठा होऊन २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये खेळला. मी हे सांगितल्यावर दोरीपलीकडं आमच्यासाठी तिसरी चादर बांधली गेली. आता धाकटी सगळी तिथं असतात.

पण जास्त वेळ गेला तो आउट होऊन परत आलेल्या पोराच्या बाबतीत. त्यानं काय करायचं आणि बाकीच्यांनी काय करायचं? मला वाटतं डगआउटचं खरं काम इथंच आहे. आमच्यात असं ठरलं. आलेल्यानं हेल्मेट हातानं ठेवायचं, फेकायचं नाही. गार टॉवेल मानेवर घ्यायचा (टॉवेलांची आपल्या गावात कमी नाही, प्रत्येकाचा वेगळा, नाव शिवून दिलंय मी), पाणी प्यायचं. तोवर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. “असू दे बे” पण नाही आणि “खांदा लवकर उघडलास” पण नाही. रडू आलं तर येऊ द्यायचं. पाणी पिऊन झालं की मात्र त्यानं उठायचं आणि पुढच्या दोन बॅटरना जे दिसलं ते सांगायचं. “बाहेरचा स्ट्राइक देतायत.” “उशिरा खाली पडतोय.” “पहिला बॉल मधोमध टाकतोय, सोडू नको.”

हे शेवटचं माझ्या लेकानंच सुचवलं. गोलात बसून, मान खाली घालून तो म्हणाला, “मी त्याला सांगितलं असतं तर तो फिरवला असता.” ज्याला उद्देशून म्हणाला ते पोरगं शेजारीच बसलं होतं. त्यानं नुसता कोपरानं ढोसला.

ओरडण्याचंही ठरवावं लागलं, कारण आमची पोरं गप्प बसणारी नाहीत आणि त्यांनी गप्प बसू नये असंच मला वाटतं. आपल्या पोरांना नावानं हाका मारा, टाळ्या वाजवा, बाक दणाणू दे. समोरच्या पिचरला, बॅटरला काही बोलायचं नाही. पिचर बॉल टाकण्याच्या तयारीत असताना खोटंच “टाइम!” ओरडून त्याला फसवून बॉक (पिचरची नियमाबाहेरची हालचाल) करायला लावणं तर नियमातच मना आहे. आमच्याकडं अडचण वेगळीच होती. बाहेरगावचा संघ आला की आमची पोरं तेलुगूत काहीबाही बोलायची. समोरच्याला कळायचं नाही, आणि ही हसायची. सरांना तेलुगू येतं. ते म्हणाले, “कुठल्याही भाषेत बोला. मी मध्येच थांबवून ते पंचांना मराठीत सांगायला लावीन.” तेव्हापासून तेलुगूत फक्त प्रोत्साहन ऐकू येतं.

कचऱ्यावरून मी स्वतः भांडले. अमेरिकेत डगआउटमध्ये सूर्यफुलाच्या बिया चावतात, आमच्याकडं भाजलेल्या शेंगा. सामना संपला की चौकटीत टरफलांचा सडा. जपानचा बेसबॉलपटू शोहेई ओतानी याचं चित्र निम्म्या पोरांच्या वहीवर आहे, म्हणून त्याचा तक्ता मी त्यांना दाखवला. शाळेत असताना त्यानं ८१ चौकोनांचा तक्ता केला होता. मधोमध त्याचं ध्येय आणि भोवती ते गाठायला काय काय लागेल ते. १६० किलोमीटर वेगानं बॉल टाकणं त्यात आहेच. पण ‘नशीब’ या शब्दाभोवतीच्या आठ चौकोनांत त्यानं लिहिलं होतं: नमस्कार करणं, कचरा उचलणं, खोली साफ ठेवणं, सामान जपून वापरणं, पंचांशी नीट वागणं, पुस्तकं वाचणं. आणखी दोन आहेत, पण पोरं ‘पंचांशी नीट वागणं’ या चौकोनावरच थांबली. कुणी माझ्या लेकाकडं बघितलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. एकानं तसा तक्ता पुठ्ठ्यावर काढून आणला, तो आता स्टँडला बांधलेला असतो. टरफलं पिशवीत जातात, समोरच्या संघाच्या बाजूची सुद्धा.

आता त्या बारक्या पोराचं सांगते. डिसेंबरमधल्या सामन्यात दुसऱ्या डावात तो सरांकडं गेला आणि म्हणाला, “सर, पिचर पहिल्या बेसकडं दोनदा बघितला की तिकडंच फेकतोय. एकदाच बघितला की बॉल होमला टाकतोय.” बाकावर बसून त्यानं हे मोजलं होतं. सरांनी खात्री केली आणि सगळ्या रनरना सांगितलं. एकानं विचारलं, “सर, ही चीटिंग नाही का?” प्रश्न रास्त होता, कारण ह्यूस्टन ॲस्ट्रोज या मेजर लीग संघाची गोष्ट पोरांना माहीत होती. २०१७ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरल्या आणि डगआउटजवळ कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवलं, पुढं २०२० मध्ये मॅनेजर आणि जनरल मॅनेजर निलंबित झाले, ५० लाख डॉलर दंड झाला. सर म्हणाले, “त्यांनी यंत्र लावलं. ह्यानं डोळे लावले.”

सहाव्या डावात आमचा पहिल्या बेसवरचा पोरगा पिचरनं चार ‘बॉल’ टाकल्यामुळं न मारताच बेसला पोचला. अंगानं जड आहे तो, पळणं कमी. सरांनी त्याच्या जागी या पोराला रनर म्हणून पाठवलं. हेल्मेट घालताना त्याची बोटं पट्ट्यात अडकत होती. पिचरनं दोनदा बघितलं, हा बेसला चिकटून राहिला. मग पिचरनं एकदा बघितलं आणि हा पुढच्या बेसकडं सुटला. दुसरा बेस. कॅचरच्या हातून बॉल मागं गेला तेव्हा तिसरा. मग उजवीकडं एक जमिनीलगतचा फटका बसला.

“रा रा रा!” “बा बा बा!” “ये ये ये!” बाकावर कुणी बसलेलंच नव्हतं. मी ओठ दाबून धरले होते, पेन्सिल वहीवर टेकवून. तो घसरत होम प्लेटवर आला, पंचांचे हात आडवे झाले, सेफ. रन झाला म्हणून मी त्याच्या नावापुढचा छोटा चौकोन पेन्सिलीनं काळा भरला. तीन वर्षांत त्याचा पहिलाच.

सामना आम्ही एका रननं हरलो. पण त्या डावाचा तिसरा आउट झाला तेव्हा त्याला आता फिल्डिंगला, राइट फिल्डला जायचं होतं, आणि मला वहीत जागा बदलून लिहायच्या होत्या. लिहिता लिहिता वर बघितलं. तो बाकाखाली वाकून आपला ग्लोव्ह शोधत होता. माझा लेक त्याच्यामागं ग्लोव्ह हातात धरून उभा होता, अंगठ्याची बाजू त्याच्याकडं करून, नुसता हात घातला की जाईल असा.